प्लेऑफ आखायचे कसे: साखळी संपल्यावरचा क्रम, मालिका आणि नियम

सोलापुरात थंडी सरली की टेनिस बॉल क्रिकेट आणि कबड्डीच्या स्पर्धांचे फ्लेक्स चौकाचौकांत लागतात. त्यातल्या बऱ्याच फ्लेक्सवर ‘आयपीएल पद्धतीने सामने’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात साखळी संपल्यावर चार संघांच्या चिठ्ठ्या टाकून उपांत्य सामने लावले जातात. साखळीत एकही सामना न हरलेला संघ चौथ्या क्रमांकाच्या संघाकडून एका खराब षटकात हरतो, घरी जातो आणि मग गुणलेखकाच्या टेबलाभोवती गर्दी जमते. या वादाचं मूळ खेळाडूंच्या रागात शोधू नका. आखणी चुकलेली असते.

हा लेख मंडळांच्या आयोजकांसाठी आहे. आपल्या संघाला पुढे जायला नेमकं काय करावं लागेल हे ज्यांना कळत नाही, त्या कर्णधारांनीही तो वाचावा. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. क्रम उलटा केला की निम्म्या चुका तिथेच होतात.

## पायरी १: आधी दिवस मोजा

संघांची नावं घेण्याआधी कॅलेंडर पुढ्यात घ्या. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदान आणि त्या बाजूचे रस्ते धरू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, त्यामुळे निम्मे खेळाडू येत नाहीत आणि लाऊडस्पीकरवरून तक्रारी होतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत सकाळी साडेअकरा ते दुपारी चार मैदान रिकामंच ठेवा. जूनपासून पावसाची धास्ती.

आठ षटकांचा सामना नाणेफेकीपासून बक्षिसापर्यंत दीड तास खातो. सकाळी सात ते साडेअकरात तीन सामने बसतात, संध्याकाळी चार ते सातमध्ये दोन. म्हणजे प्रकाशझोत नसताना दिवसाला पाच. चार आठवड्यांचे शनिवार-रविवार धरले तर हातात चाळीस सामन्यांची जागा आहे.

आता मागणी बघा. आठ संघांनी एकमेकांशी एकदा खेळायचं तर ८ गुणिले ७ भागिले २, म्हणजे २८ सामने. आयपीएलसारखे प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतर विजेता ठरवणारे सामने, धरले तर आणखी चार, एकूण ३२. आठ जागा राखीव उरतात. ही स्पर्धा आरामात बसते. तीनच आठवडे मिळाले तर जागा तीस होतात आणि हीच आखणी बसत नाही. अशा वेळी चार-चार संघांचे दोन गट करा. साखळी १२ सामन्यांत संपते.

इशारा: मालिका ठेवणार असाल तर जास्तीत जास्त किती सामने होतील तोच आकडा धरा. दोन्ही उपांत्य आणि अंतिम ‘तीनपैकी दोन’ (जो आधी दोन जिंकेल तो विजेता) ठेवले तर कमीत कमी सहा सामने होतात, पण जागा नऊ सामन्यांची राखावी लागते. मैदानाचं भाडं आणि पंचांचं मानधनही नऊचंच धरा.

## पायरी २: पुढे किती संघ न्यायचे ते ठरवा

आयपीएलमध्ये दहातले चार पुढे जातात. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये २०२२ पासून तीसातले बारा आणि तिथल्याच अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये २०२० पासून बत्तिसातले चौदा. बास्केटबॉलची एनबीए सढळ आहे, तिथे तीसातले सोळा. पण तिथे प्रत्येक संघ आधी ८२ सामने खेळतो आणि प्लेऑफही सातपैकी चारचे असतात. दुबळा संघ चुकून फार पुढे जाण्याची शक्यता त्यामुळे कमी राहते.

आपल्याकडे साखळीत एकेक संघ जेमतेम तीन ते सात सामने खेळतो. म्हणून निम्म्याहून जास्त संघ पुढे नेऊ नका. आठ असतील तर चार, बारा असतील तर चार किंवा सहा. ‘सगळ्यांना संधी’ म्हणून आठातले सहा पुढे नेले की साखळीच्या शेवटच्या आठवड्यात कोणी जीव लावून खेळत नाही.

## पायरी ३: पद्धत निवडा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

साधे उपांत्य सामने. पहिला विरुद्ध चौथा, दुसरा विरुद्ध तिसरा, विजेते अंतिम फेरीत. एकूण तीन सामने. आयपीएल २००८ ते २०१० या तीन हंगामांत असंच खेळलं गेलं. पद्धत सोपी आहे, पण पहिल्या क्रमांकाला बक्षीस काय, तर जरा दुबळा प्रतिस्पर्धी. एवढंच.

आयपीएलची आजची पद्धत. २०११ पासून ती चालू आहे. सामने चार, आणि त्यांचा क्रम असा:

१. क्वालिफायर १: पहिला विरुद्ध दुसरा. जिंकणारा थेट अंतिम फेरीत. हरणारा बाद होत नाही.
२. एलिमिनेटर: तिसरा विरुद्ध चौथा. हरणारा बाद.
३. क्वालिफायर २: क्वालिफायर १ मध्ये हरलेला विरुद्ध एलिमिनेटर जिंकलेला. हरणारा बाद.
४. अंतिम सामना: क्वालिफायर १ चा विजेता विरुद्ध क्वालिफायर २ चा विजेता.

साखळीत पहिल्या दोनांत आलेल्या संघाला एक हार माफ होते, तिसऱ्या-चौथ्याला होत नाही. या पद्धतीचा सगळा अर्थ या एका माफीत आहे. २०१७ चं उदाहरण घ्या. मुंबई इंडियन्स साखळीत पहिले, रायझिंग पुणे सुपरजायंट दुसरे. क्वालिफायर १ पुण्याने वानखेडेवर जिंकला. जुनी पद्धत असती तर बाद फेरीत हरलेली मुंबई तिथेच संपली असती. पण मुंबईने क्वालिफायर २ मध्ये कोलकात्याला हरवलं आणि अंतिम सामन्यात त्याच पुण्याला एका धावेने. आदल्या वर्षी, २०१६ ला, हैदराबादने तिसऱ्या क्रमांकावरून एलिमिनेटर, क्वालिफायर २ आणि अंतिम असे तिन्ही सामने जिंकून करंडक उचलला. म्हणजे खालून येणाऱ्यालाही वाट खुली आहे. मात्र त्याला तीन सामने जिंकावे लागतात, वरच्याला दोन जिंकून भागतं.

आपल्याकडे हमखास होणाऱ्या चुका:

- क्वालिफायर १ ला ‘पहिली सेमीफायनल’ म्हणून पुकारणं. हरलेला संघ किट भरून घरी निघतो आणि संध्याकाळी त्याला फोन करून बोलवावं लागतं.
- एलिमिनेटर जिंकलेल्या संघाला थेट अंतिम फेरीत टाकणं.
- एलिमिनेटर सकाळी आणि क्वालिफायर २ त्याच दुपारी ठेवणं. एक संघ दमलेला आणि दुसरा ताजा. मधे निदान एक रात्र जाऊ द्या.
- दोन गट असताना पहिल्या गटातल्या दोघांनाच क्वालिफायर १ मध्ये आणणं. गट दोन असतील तर क्वालिफायर १ दोन्ही गटांच्या पहिल्यांमध्ये आणि एलिमिनेटर दोन्ही गटांच्या दुसऱ्यांमध्ये लावायचा. आयपीएलमध्येही २०२२ पासून दोन गट आहेत, पण ते कुणी कुणाशी किती वेळा खेळायचं एवढ्यापुरतेच. गुणतालिका सगळ्यांची एकच असते.

सहा संघांची पद्धत. प्रो कबड्डी लीगने अनेक हंगाम ही वापरली. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, तिसरा विरुद्ध सहावा आणि चौथा विरुद्ध पाचवा एलिमिनेटर. एकूण पाच सामने. दहाव्या हंगामात पुणेरी पलटण साखळीत अव्वल होती. म्हणून ती थेट उपांत्य फेरीत आली आणि १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला हरवून विजेती झाली. कबड्डीत शरीराची झीज मोठी असते, त्यामुळे एक सामना कमी खेळायला मिळणं हेच मोठं बक्षीस ठरतं. बारा संघांच्या कबड्डी स्पर्धेला माझी पसंती याच पद्धतीला.

तपासणी: निवडलेली पद्धत कागदावर काढा आणि दोन प्रश्न विचारा. पहिल्या क्रमांकाला करंडकासाठी किती सामने जिंकावे लागतात, चौथ्याला किती? पहिल्याला किती हारी माफ आहेत? दोघांची उत्तरं सारखीच येत असतील तर साखळी गांभीर्याने खेळायचं कारण तुम्ही खेळाडूंना दिलेलं नाही.

## पायरी ४: एक सामना की मालिका?

‘सातपैकी चार’ म्हणजे जो आधी चार जिंकेल तो मालिका जिंकला आणि खेळ तिथेच थांबला. सातही सामने खेळवायचे असा याचा अर्थ नाही. कमीत कमी चार, जास्तीत जास्त सात. पाचपैकी तीन आणि तीनपैकी दोन यांनाही हाच नियम. मालिकेची संख्या नेहमी विषम ठेवा. ‘दोन सामने आणि बरोबरी झाली तर धावांची बेरीज’ ही फुटबॉलच्या दोन लढतींची नक्कल क्रिकेटमध्ये करू नका. तिथे दोन्ही सामन्यांतले गोल मोजले जातात. क्रिकेटमध्ये पाठलाग करणारा संघ लक्ष्य गाठल्यावर थांबतो, त्यामुळे बेरजेला अर्थ राहत नाही.

मालिका कशासाठी ठेवायची हे आकड्यांत बघा. एखादा संघ इतका सरस आहे की दर सामन्यात त्याची जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे. एकाच सामन्यात ती ६० टक्केच राहते. तीनपैकी दोनमध्ये ६४.८ होते, पाचपैकी तीनमध्ये ६८.३ आणि सातपैकी चारमध्ये सुमारे ७१. मालिका लांबली की सरस संघाचं पारडं जड होतं, पण फार नाही. तीनवरून सातवर जाण्यासाठी चार सामने जास्त खर्च करून सहा टक्के हाती लागतात. आपल्या स्पर्धेत तेवढा खर्च परवडत नाही. फक्त अंतिम फेरी तीनपैकी दोन ठेवा. पहिले दोन सामने शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी, लागला तर तिसरा रविवारी संध्याकाळी. कबड्डीत मात्र एका दिवसात एका संघाला मालिकेचे दोन सामने देऊ नका.

घरचं मैदान. व्यावसायिक लीगमध्ये वरच्या क्रमांकाला घरच्या मैदानावर जास्त सामने मिळतात. एनबीएमध्ये मांडणी २-२-१-१-१ अशी असते: पहिले दोन वरच्या संघाच्या घरी, पुढचे दोन खालच्याच्या घरी, मग एकेक आलटून पालटून. तिथली अंतिम फेरी १९८५ ते २०१३ या काळात २-३-२ अशी खेळली जायची. २०१४ पासून तीही २-२-१-१-१ झाली. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम फेरीत, २-३-२ आजही आहे. या मांडणीत प्रवास वाचतो, पण मधले तीन सामने सलग खालच्या संघाच्या घरी होतात. मालिका पाच सामन्यांत संपली तर घरी जास्त सामने खालच्यालाच मिळालेले असतात.

सोलापूर आणि बार्शी अशा दोन गावांत मालिका असेल तर मधलं अंतर सुमारे ७० किलोमीटर. तीन सामन्यांसाठी पहिला आणि तिसरा वरच्या क्रमांकाच्या गावी ठेवा, दुसरा दुसऱ्या गावी. किंवा तिन्ही वरच्याच्याच गावी घ्या. बेसबॉलच्या वाइल्ड कार्ड, म्हणजे प्लेऑफच्या पहिल्या, फेरीत तीनपैकी दोनची मालिका अशीच होते.

सगळे सामने एकाच मैदानावर असतील, आणि शहरातल्या बहुतेक स्पर्धांत तसंच असतं, तर घरचा फायदा देता येत नाही. मग वरच्या क्रमांकाला दोन गोष्टी द्या: सामन्याची वेळ निवडण्याचा हक्क, आणि निकाल न लागल्यास पुढे जाण्याचा हक्क. मे महिन्यात सकाळी सातचा सामना मिळणं ही साधी सवलत नाही.

इशारा: मालिका २-० झाली की तिसरा सामना ‘प्रेक्षक आलेत म्हणून’ खेळवू नका. त्यात कुणाला दुखापत झाली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. प्रदर्शनीय सामना हवाच असेल तर दोन्ही संघांतले बाहेर बसलेले खेळाडू घ्या.

## पायरी ५: क्रमवारी लावताना गणित चुकवू नका

प्लेऑफचा सगळा डोलारा गुणतालिकेवर उभा असतो. समान गुण झाले तर काय, याचा क्रम आधीच ठरवा: जास्त विजय, मग आपसातला सामना, मग नेट रनरेट आणि शेवटी चिठ्ठी. तीन संघ समान असतील तर आपसातला निकाल तिघांनीही एकमेकांशी खेळून झालं असेल तरच धरा. तिघांनी एकेक जिंकला असेल तर सरळ रनरेटवर जा. रनरेटचं वजन कमी लेखू नका. २०१९ च्या विश्वचषकात न्यूझीलंड आणि पाकिस्तान दोघांचे ११ गुण होते, उपांत्य फेरीत रनरेटवर न्यूझीलंड गेलं.

समजा, बाळीवेसच्या संघाचे आठ-आठ षटकांचे तीन सामने असे झाले:

- पहिला: आपल्या ८ षटकांत ७२. समोरच्यांच्या ८ षटकांत ६०.
- दुसरा: आपण ६.२ षटकांत ४१ धावांत सर्वबाद. समोरच्यांनी ५.४ षटकांत ४२.
- तिसरा: समोरच्यांच्या ८ षटकांत ६४. आपण ७.३ षटकांत ६६.

रीत अशी: एकूण केलेल्या धावा भागिले खेळलेली षटकं, त्यातून एकूण दिलेल्या धावा भागिले टाकलेली षटकं वजा. संघ सर्वबाद झाला तर त्याची षटकं पूर्ण आठ धरायची. आणि ५.४ म्हणजे पाच षटकं चार चेंडू, दशांशात ५.६६७. ७.३ म्हणजे ७.५.

केलेल्या धावा १७९, षटकं ८ + ८ + ७.५ = २३.५, गती ७.६१७. दिलेल्या धावा १६६, षटकं ८ + ५.६६७ + ८ = २१.६६७, गती ७.६६२. नेट रनरेट उणे ०.०४५.

आता दुसऱ्या सामन्यात सर्वबादचा नियम विसरून ६.२ षटकंच धरली, तर रनरेट अधिक ०.५३७ येतो. उण्याचा अधिक झाला! दोन सामने जिंकलेले तीन संघ असतील तर या एका चुकीने भलताच संघ क्वालिफायर १ मध्ये बसतो.

तपासणी: प्रत्येक सामन्याचा रनरेट वेगळा काढून सरासरी काढलेली नाही ना? ती चूक आहे. सगळ्या धावांची आणि सगळ्या षटकांची आधी बेरीज, मग भागाकार. हिशोब दोघांनी वेगवेगळा करावा आणि मगच बोर्डावर लिहावा.

कबड्डीत रनरेटच्या जागी गुणफरक येतो: सगळ्या सामन्यांत मिळवलेल्या गुणांतून दिलेले गुण वजा.

## पायरी ६: भाग्यपत्रिका मानांकनाने भरा

आठ संघ बाद फेरीत असतील तर भाग्यपत्रिकेच्या (कोण कुणाशी खेळणार त्या तक्त्याच्या) एका अर्ध्यात १–८ आणि ४–५, दुसऱ्या अर्ध्यात २–७ आणि ३–६. पहिला आणि दुसरा अंतिम फेरीआधी समोरासमोर येत नाहीत. संघ आठ किंवा सोळा नसतील तर ‘बाय’, म्हणजे पहिली फेरी न खेळता पुढे चाल, द्यावे लागतात. ४, ८, १६ अशा दुपटीच्या आकड्यांतला लगेच वरचा आकडा घ्या आणि त्यातून संघांची संख्या वजा करा. सहा संघांना दोन बाय, अकरा संघांना पाच. साखळी झालेली असेल तर बाय वरच्या क्रमांकांनाच द्या, चिठ्ठीने नाही.

पहिल्या फेरीनंतर जोड्या बदलायच्या की नाहीत हेही आधी सांगा. एनबीएमध्ये भाग्यपत्रिका ठरलेली असते. एनएफएलमध्ये दर फेरीला उरलेल्यांत सगळ्यात वरचा संघ सगळ्यात खालच्याशी खेळतो. दोन्ही रीती चालतात. मधेच बदललेली चालत नाही.

## पायरी ७: बरोबरी, पाऊस आणि गैरहजेरी

बाद फेरीत बरोबरीवर थांबता येत नाही. क्रिकेटमध्ये सुपर ओव्हर, तीही बरोबरीत सुटली तर पुन्हा सुपर ओव्हर. २०१९ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना चौकार-षटकारांच्या संख्येवर ठरला आणि त्यानंतर आयसीसीने तो नियम काढून टाकला. तो आपल्या नियमावलीत ठेवू नका. कबड्डीत प्रत्येकी पाच चढाया द्या, तरी बरोबरी राहिली तर सुवर्ण चढाई.

पावसासाठी अंतिम सामन्याला राखीव दिवस हवाच. २०२३ चा आयपीएल अंतिम सामना पावसाने एक दिवस पुढे गेला आणि संपता संपता ३० मे उजाडला. राखीव दिवशीही निकाल लागला नाही तर साखळीत वर असलेला संघ विजेता. करंडक विभागून देण्यापेक्षा हे न्याय्य आहे, कारण साखळीचे सामने दोघांनी खेळून दाखवलेले असतात.

गैरहजेरीसाठी मिनिटं ठरवा. पंधरा मिनिटं पुरेत. त्यानंतर समोरच्या संघाला पुढे चाल, मग संघ कुणाचाही असो.

## पायरी ८: पहिला चेंडू पडण्याआधी सह्या

वरचे सगळे निर्णय एका कागदावर उतरवा: पद्धत, सामन्यांचा क्रम, समान गुणांचा नियम, सर्वबादचा नियम, पावसाचा नियम, गैरहजेरीची मिनिटं. कर्णधारांची बैठक घ्या आणि प्रत्येकाची सही घ्या. सोलापुरात एका स्पर्धेत मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदी बोलणारे संघ सहज असतात. कागद मराठीत असला तरी क्वालिफायर १ आणि एलिमिनेटर यांतला फरक ज्याला त्याला त्याच्या भाषेत तोंडी समजावून सांगणारा माणूस बैठकीत बसवा. मान हलवली म्हणजे कळलं असं धरू नका. कर्णधारालाच विचारा, ‘तुम्ही दुसरे आलात आणि पहिला सामना हरलात, तर पुढे काय?’

साखळी चालू असताना रोज संध्याकाळी गुणतालिका बोर्डावर लिहा आणि तिचा फोटो सगळ्या कर्णधारांच्या ग्रुपवर टाका. हरकत असेल तर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या सामन्याआधी घ्यायची, नंतर नाही. साखळीचा शेवटचा सामना संपला की प्लेऑफची भाग्यपत्रिका जाहीर करण्याआधी दोन्ही गुणलेखकांनी सगळ्या धावपत्रिका पुन्हा एकदा जुळवून घ्याव्यात. विशेषतः सर्वबाद झालेले डाव.